मस्केगोचे ओकचे चर्च

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात, लूथर सेमिनरी या धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या आवारात, ओकच्या ओंडक्यांचे एक लहानसे चर्च उभे आहे. ते मूळचे तिथले नव्हे. विस्कॉन्सिनमधल्या मस्केगो वस्तीत नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांनी ते १८४३-४४ मध्ये बांधले.

नॉर्वेतून अमेरिकेला निघालेला पहिला मोठा जथा १८२५ चा. मस्केगोत माणसे पोहोचली १८३९ मध्ये, बरीचशी नॉर्वेतल्या तेलेमार्कच्या डोंगराळ भागातली. जमीन मिळाली, पण तळ्याकाठची, पाणथळ. हिवतापाने घरेच्या घरे अंथरुणाला खिळली, पुढे पटकीच्याही साथी आल्या. ही बातमी मायदेशी पोहोचल्यावर तिथल्या वर्तमानपत्रांतून अमेरिकेला जाणाऱ्यांवर टीका होऊ लागली.

वस्तीचा आधार होता एव्हेन हेग यांचे कोठार. नव्याने आलेली कुटुंबे आधी तिथेच पथारी पसरत आणि रविवारची प्रार्थनाही तिथेच होई. क्लाउस लॉरित्स क्लाउसेन हे डॅनिश तरुण खरे तर मिशनरी म्हणून आफ्रिकेत जाणार होते. नॉर्वेत ड्रामेनचे व्यापारी तोलेफ बाके यांनी त्यांना मस्केगोकडे वळवले. बाके यांचा मुलगा सोरेन त्या वस्तीतच राहत होता. १८ ऑक्टोबर १८४३ रोजी क्लाउसेन यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, तीही हेग यांच्या कोठारात.

चर्चसाठी टेकडीवरची जागा हेग यांनीच दिली. ओकचे ओंडके तासून एकावर एक घट्ट बसवले आणि आतल्या कामाला काळ्या अक्रोडाचे लाकूड वापरले. ज्यांच्या स्वतःच्या झोपड्या अजून कच्च्या होत्या, त्यांनी हे काम इतक्या निगुतीने केले, याचे मला फार अप्रूप वाटते.

जानेवारी १८४५ मध्ये वस्तीतल्या ८० जणांनी सह्या करून मायदेशी एक खुले पत्र पाठवले. आम्ही आळसात श्रीमंत व्हायला आलो नाही, हाल सोसले, पण इथे आल्याचा पस्तावा नाही, असा त्याचा आशय. दोनच महिन्यांनी, १३ मार्च रोजी, चर्चचे अर्पण झाले, म्हणजे ते विधिपूर्वक उपासनेसाठी वाहिले गेले. पत्र आणि चर्च मला वेगळे काढता येत नाहीत. इथून आम्ही हलणार नाही, हेच दोन्हींतून सांगितलेले आहे.

अमेरिकेतले पहिले नॉर्वेजियन लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचे, चर्च असा मान त्याला दिला जातो. विस्कॉन्सिनमधल्याच कॉशकोनाँग या दुसऱ्या नॉर्वेजियन वस्तीच्या चर्चचे अर्पण त्याआधी झाले होते. मस्केगोचे बांधकाम मात्र आधी सुरू झाले.

एव्हेन यांचा मुलगा हान्स ख्रिश्चन हेग अमेरिकेच्या यादवी युद्धात, सप्टेंबर १८६३ मध्ये, चिकमॉगाच्या लढाईत कामी आला. तो ज्या १५ व्या विस्कॉन्सिन पलटणीचा कर्नल होता, तिच्यात बहुतेक स्कँडिनेव्हियन शिपाई होते. १८६९ मध्ये मस्केगोत नवे चर्च झाले आणि जुने विकले गेले. कोठारातल्या प्रार्थनेतून उभी राहिलेली ती वास्तू मग एका शेतकऱ्याचे कोठार झाली. १९०४ मध्ये ती तिथून हलवून सेंट पॉलला पुन्हा उभारली.