पिलांच्या नावाखाली: गाभणीचा पिंजरा आणि वेताचा पिंजरा

महिन्याभरापूर्वी एक जण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून पिंजऱ्यांचं कोटेशन घेऊन माझ्याकडे आला. खानापूर तालुक्यात रान आहे, भात आणि ऊस आहे, आता वीस माद्यांचं वराहपालन सुरू करायचंय. गोव्याचा बाजार घाटाखालीच आहे, तेव्हा हिशेब चुकीचा नव्हता. कोटेशनमध्ये एकच ओळ होती: ‘डुकरांचे पिंजरे, 26 नग’. यातले कुठले कशासाठी, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘सगळे एकच की हो डॉक्टर. पिलं दबू नयेत म्हणून.’

हे वाक्य मी निपाणीत ऐकलंय, चिकोडीत ऐकलंय, हुक्केरीत ऐकलंय. दरवेळी तितकाच त्रास होतो, कारण त्या 26 पिंजऱ्यांपैकी 20 पिंजऱ्यांत पिलू कधी जन्मणारच नव्हतं.

वेताचा पिंजरा वराहपालनाचं प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो, त्यामुळे तो थोडक्यात सांगतो. मादी व्यायच्या साधारण आठवडाभर आधी त्यात येते. मधे तिच्यापुरते पाइप, दोन्ही बाजूंना पिलांची जागा, कोपऱ्यात उबेचा दिवा. मादी दोनशे किलोची, पिलू सव्वा-दीड किलोचं. ती धपकन खाली बसली की खाली सापडलेलं पिलू वाचत नाही, आणि अशी बहुतेक पिलं पहिल्या तीन दिवसांतच जातात. पाइपमुळे मादीला सावकाश बसावं लागतं आणि पिलांना बाजूला सरकायला वेळ मिळतो. पिलं दूध तोडेपर्यंत मादी तिथेच राहते.

गाभणीचा पिंजरा दिसायला याचा भाऊच. तेच पाइप, तीच पुढे गव्हाण. रुंदी सुमारे 60 सेंटिमीटर, लांबी दोन मीटर. बाजूला पिलांची जागा नसते, उबेचा दिवा नसतो. बरेच जण एवढाच फरक सांगून थांबतात. पाइपची जाडी, जाळीची फरशी, पाण्याचं निपल यांवर तासभर बोलणारेही भेटतात. त्याने काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही.

खरा घोळ दिवसांत आहे. डुकरीण 114 दिवस गाभण राहते. त्यातले शेवटचे सात दिवस वेताच्या पिंजऱ्यातले धरले, तर उरले 107. गाभणीच्या पिंजऱ्याची पद्धत असेल तर हे 107 दिवस ती तिथे उभी असते. मग वेताच्या पिंजऱ्यात ते सात आणि पिलं 28 दिवसांनी तोडली तर ते 28, म्हणजे 35. पुढे आठवडाभरात ती माजावर येते, फळते आणि पुन्हा 107. 107, 35 आणि सात मिळून 149 दिवसांचं, म्हणजे जवळपास पाच महिन्यांचं हे चक्र वर्षात दोनदा होऊन वर थोडं उरतं. या सबंध काळात ती एकदाही मागे वळून आपली शेपटी पाहू शकत नाही.

आता पिलांची सबब लावून बघा. पिलं दबायचा धोका 149 दिवसांत मोजून तीन-चार दिवस तीव्र असतो, पुढे झपाट्याने कमी होतो. त्या दिवसांपुरता पाइप हवा की नको, यावर दोन बाजूंनी बोलता येतं. पण 107 दिवस पिलं तिच्या पोटात असतात. पोटातलं पिलू कुणाच्या अंगाखाली सापडत नाही. तरी वेताच्या पिंजऱ्याची सबब उचलून गाभणीच्या पिंजऱ्याला चिकटवली जाते, आणि दोघांना एकच ‘क्रेट’ म्हटलं की ती चिकटूनही बसते. माझा राग आहे तो या एका शब्दावर.

मग गाभणीचा पिंजरा लोक का लावतात? तीन कारणं असतात आणि तिन्ही माणसाच्या सोयीची आहेत: जागा कमी लागते, एक गडी शंभर माद्या बघू शकतो, आणि अंबोणावरून, म्हणजे खाण्यावरून, माद्या भांडत नाहीत. तिसऱ्या कारणात तथ्य आहे, ते मी उडवून लावणार नाही. अनोळखी माद्या एकत्र सोडल्या की दिवस-दोन दिवस चांगलीच जुंपते, कान फाटतात, खांदे सोलवटतात. पण एकदा थोरली कोण, धाकटी कोण हे ठरलं की शांत होतात. म्हणून त्यांना कधी एकत्र करायचं ते कळलं पाहिजे. दूध तोडल्याबरोबर करा, किंवा फळल्यावर चार आठवडे थांबून करा. मधल्या काळात गर्भ रुजत असतो, तेव्हा मारामारी महागात पडते. भुईवर भरपूर जागा ठेवा, गव्हाणीला खांद्यापर्यंत येतील अशा आडभिंती घाला, म्हणजे दांडगी मादी शेजारणीचं खाणं ओढत नाही.

दुसरं, भांडणामागे बहुतेक वेळा भूक असते. गाभण मादी फार लठ्ठ होऊ नये म्हणून तिला अंबोण मोजून, दिवसाला दोन-अडीच किलो देतात. ते काही मिनिटांत संपतं आणि उरलेला दिवस रिकाम्या पोटाने काढायचा. सीमाभागातल्याच एका शेडमध्ये मी ओळीने उभ्या बारा माद्या पाहिल्या. प्रत्येकीच्या तोंडासमोरचा पाइप चावून चावून चांदीसारखा चकाकत होता, बाकीच्या पाइपांवर गंज होता. एक मादी तोंडात काहीच नसताना चावत होती, ओठांच्या कडेला फेस साचला होता. मालक म्हणाला, ‘सवय आहे तिला.’ सवय नव्हे ती. शोधत, उकरत, चघळत दिवस काढणाऱ्या जनावराला करायला काहीच उरलं नाही, की असं होतं. त्यांच्यापुढे उसाचं पाचट, मक्याची ताटं, हिरवा चारा टाकून बघा. पोट भरतं, तोंडाला काम मिळतं.

वेताच्या पिंजऱ्याला मी पूर्ण निर्दोष म्हणत नाही. व्यायच्या आदल्या दिवशी मादी घरटं करायला लागते. हे तिला कुणी शिकवत नाही, अंगातल्या संप्रेरकांनीच होतं. पिंजऱ्यात असली तरी ती कोरड्या काँक्रीटवर पुढचे पाय घासते आणि नाकाने पाइप उचलू बघते. एकदा मी अशा मादीसमोर भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, टाकलं. तिने तोंडात धरलं, मान मागे वळवून नेऊ पाहिलं, पाइप आडवा आला. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. चौथ्यांदा मालकानेच बाजूचा पाइप काढला. अर्ध्या तासात तिने कोपऱ्यात पिंजराचा ढीग रचला आणि त्यात अंग टाकलं.

युरोपातला कायदाही हे दोन पिंजरे वेगळे धरतो. युरोपीय संघात 2013 पासून, फळल्यावर चार आठवड्यांनी मादी कळपात सोडावीच लागते आणि व्यायच्या आठवडाभर आधीपर्यंत तिथेच ठेवावी लागते. मोठ्या मादीमागे सव्वादोन चौरस मीटर जागा लागते. ब्रिटनने गाभणीचा पिंजरा 1999 मध्ये पूर्ण बंद केला, वेताचा मात्र अजून चालतो. स्वीडन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड पुढे गेले, तिथे माद्या मोकळ्या वितात. जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आलं पाहिजे, हे शेतावरच्या जनावरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या ब्रिटनच्या ब्रॅम्बेल समितीने 1965 मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडचा 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्याहून जुना आहे. जनावराला हालचालीची रास्त संधी मिळणार नाही इतक्या अपुऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात कोंडणं हा त्याच्या कलम 11 प्रमाणे गुन्हा आहे. साठ सेंटिमीटर रुंदीत वळून दाखवा, मग कायद्यात बसतं म्हणा.

उलटा घोळही मला तेवढाच खटकतो. विणाऱ्या मादीचा फोटो टाकून ‘ही जन्मभर अशीच असते’ लिहिणारे आहेत. जो वेताच्या वेळी चार दिवस पाइप लावून पाचव्या दिवशी उघडतो, त्यालाही ते त्याच माळेत ओवतात. अशाने ऐकणारा शेतकरीही ऐकेनासा होतो. प्रयोगशाळेतलं डुक्कर एकटं ठेवायचं असेल तर संशोधकाला कशासाठी आणि किती दिवस ते प्राणी-नीती समितीपुढे लिहून द्यावं लागतं. शेतावरही हेच दोन प्रश्न विचारावेत, एवढंच माझं मागणं.

कोटेशनवाल्याबरोबर मग कागद घेऊन बसलो. एक मादी 35 दिवस वेताची जागा अडवते, धुवायला आणि वाळवायला आणखी सात. वीस माद्यांना अशा सहा जागा पुरतात. गाभणीचे 20 पिंजरे खोडले. उरलेल्या सहांत बदल केला: बाजूचे पाइप बिजागरीवर, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी उघडता येतील, आणि भिंतीपासून 20-25 सेंटिमीटर अंतरावर, भुईपासून तितक्याच उंचीवर आडवा पाइप, म्हणजे मादी भिंतीला टेकून बसली तरी मागे पिलाला जागा राहील. वाचलेल्या पैशांत गव्हाणीच्या आडभिंती आणि छपराला पांढरा रंग. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा 35 च्या वर जातो, डुकराला घाम जवळजवळ येत नाही, तेव्हा कळपाच्या अंगणात एक उथळ डबकंही धरलं. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, पिंजर किती लागेल.