वाळू टाकली म्हणून चिकण जमीन भुसभुशीत होत नाही

‘जमीन चिकण आहे? दोन ट्रॉली वाळू टाका, भुसभुशीत होईल’ हा सल्ला अजून फिरतोय. हिशेब करून बघा.

मातीचा पोत ठरतो तो कणांच्या वजनी प्रमाणावर. ०.००२ मिमीपेक्षा बारीक ते चिकणकण, ०.०५ ते २ मिमी ती वाळू, मधला पोयटा. समजा, जमिनीत चिकणकण ५५, पोयटा २५ आणि वाळू २० टक्के आहे. एकरात वरच्या १५ सेंमी थरात साधारण ९०० टन माती असते. चिकणकण ३५ टक्क्यांवर आणायला एकरी ५०० टनांहून जास्त वाळू लागेल! एवढं करून हाती येते ती ‘वाळूमिश्रित चिकणमाती’ (चिकणकण किमान ३५, वाळू किमान ४५ टक्के). वर्गाचं नाव बदललं, चिकटपणा तसाच. बारीक कण वाळूमधल्या पोकळ्या भरून टाकतात. वाळल्यावर ढेकूळ विटेसारखं टणक.

आपली माती कुठली, हे हातानेच कळतं. मूठभर माती कणकेसारखी मळा, अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढा. पट्टी ५ सेंमीच्या पुढे जाऊनही बोटांना खरखर लागली, तर माती वाळूमिश्रित चिकणच. खरखर लागली म्हणून ‘हलकी’ समजून रोज पाणी सोडलं की मुळं गुदमरतात.

पोत शेतात बदलत नाही, रचना (कण एकमेकांना कसे धरून बसतात ते) बदलते. शेणखत, ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिकं गाडणं, निचऱ्याचे चर, आणि नांगर फक्त वाफशावर (माती ना ओली चिकट, ना कोरडी टणक अशी असताना). ओल्यात घातलात तर वर्षभर ढेकळं फोडत बसाल. जिप्सम चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीलाच. सगळ्या चिकण जमिनींवर तो उतारा नव्हे.