करेक्शन स्लिपा सोलण्याआधी हे वाचा
(जुनी रेल्वे नियमपुस्तकं आणि वर्किंग टाईम टेबल, म्हणजे रेल्वे स्टाफची वेळापत्रकं, जमवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

जनरल अँड सबसिडियरी रुल्सचं (जी अँड एस आर, म्हणजे गाड्या चालवण्याच्या नियमांचं) पुस्तक आमच्याकडे बांधणीला देताना बरेच ग्राहक आतल्या करेक्शन स्लिपा, म्हणजे जुन्या नियमावर चिकटवलेल्या छापील दुरुस्तीच्या पट्ट्या, घरीच काढून आणतात. खालचा मूळ मजकूर दिसावा एवढाच हेतू असतो. कोणी पान वाफेवर धरतं, कोणी ओलं फडकं दाबून ठेवतं. कृपया हे करू नका. स्लिपांसकट आलेलं पुस्तक आम्ही आठवड्याभरात परत देतो. सोलून आलेल्याला महिना लागतो, आणि तरी गेलेलं परत येत नाही.

१९७६ च्या जनरल रुल्समध्ये नियम २.०२ याच गोष्टीचा आहे: ज्याला पुस्तक दिलंय त्यानं ते सगळ्या दुरुस्त्या लावून ठेवायचं आणि वरिष्ठानं मागितलं की दाखवायचं. म्हणून स्लिप आली की ती कापून त्या त्या नियमावर चिकटवली जाई, आणि जिथे सुरुवातीला नोंदीचं पान असे तिथे नंबर, तारीख आणि सही पडे. शेवटची स्लिप कितव्या नंबरची, यावरून पुस्तक कुठवर वापरात होतं ते कळतं. छापल्याचं वर्ष तेवढं सांगत नाही. स्लिपा गेल्या की हा हिशेबच पुसला जातो, आणि विकताना किंमतही उतरते.

ओलाव्याचा खरा धोका मात्र सह्यांना आहे. पुष्कळ सह्या आणि समासातल्या खुणा कॉपिंग पेन्सिलीच्या असतात. कोरड्या असताना त्या साध्या शिसपेन्सिलीसारख्या करड्या दिसतात. पाणी लागलं की जांभळ्या होतात आणि कागदात पसरतात. मग त्या कुणालाच काढता येत नाहीत. जांभळ्या रबरी शिक्क्याचंही तेच.

आमची पद्धत सावकाशीची आहे, आणि ‘एवढा वेळ कशाला?’ असं विचारलं जातं म्हणून सांगतो. आधी कोपऱ्यात कापसाच्या बारीक बोळ्यानं शाई तपासतो. शाई टिकली तर स्लिपच्या तीन कडांवर मिथाईल सेल्युलोजची घट्ट खळ पातळ टिश्यूवरून दहा-पंधरा मिनिटं ठेवतो. जुनी गव्हाची खळ किंवा गोंद सैल पडला की चपट्या पात्यानं स्लिप उचलतो. चौथी कड तशीच राहते. स्लिप दारासारखी उघडते आणि जुना-नवा दोन्ही नियम वाचता येतात. शाई फुटते असं दिसलं तर आम्ही हात लावत नाही, स्लिप आहे तशी ठेवतो. त्यावर नाराज होऊ नका.

पानांत सुट्या स्लिपा सापडल्या तर त्या चिकटवू नका, नंबरवारी लावूही नका. जिथे सापडली तिथल्या पानाचा नंबर शिसपेन्सिलीनं वेगळ्या कागदावर लिहून त्यासोबत ठेवा. सेलोटेप तर कुठेच नको. तिचा पिवळा डाग कागदात मुरतो. गंजलेल्या पिना ओढू नका, तसंच आणा. आम्ही पाठीमागून पिनेचे वळलेले पाय उघडून त्या काढतो आणि जुन्याच भोकांतून सुती दोऱ्यानं शिवतो. कडा कापून सारख्या करून द्या असं सांगू नका, समासातल्या नोंदी कटिंगमध्ये जातात.

आणखी एक नेहमीचा प्रश्न: ‘माझ्याकडे एक जी अँड एस आर आहे, दुसरं कशाला?’ जनरल रुल्स साऱ्या भारतीय रेल्वेला एकच, पण सबसिडियरी रुल्स (पूरक नियम) प्रत्येक झोनचे, म्हणजे रेल्वे विभागाचे, आपापले. वडोदऱ्यात पश्चिम रेल्वेचं पुस्तक सहज मिळतं. मध्य रेल्वेचं शेजारी ठेवलं की फरक कळतात.

टाईम टेबल विकत घेताना पब्लिक आणि वर्किंग यांत गल्लत करू नका. स्टाफच्या वर्किंग टाईम टेबलमध्ये मालगाड्या, क्रॉसिंग, न थांबता जाणाऱ्या गाडीची पास होण्याची वेळ, वेगमर्यादा आणि दोन स्टेशनांमधला धावण्याचा वेळ असतो. तारखेचं पान फाटलं असेल तर नाव बघा: ‘पश्चिम रेल्वे’ असेल तर ५ नोव्हेंबर १९५१ नंतरचं, त्याआधी इथे बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) होती. किंमत आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं बहुधा.

सध्या वापरात असलेली पुस्तकं आणि कार्यालयाचा शिक्का असून रद्द झाल्याची खूण नसलेल्या प्रती आम्ही घेत नाही, विकतही नाही.

वडोदऱ्याच्या आसपासच्या डभोई, मियागाम, चांदोद, जंबुसर या एकेकाळच्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) भागाची जुनी वर्किंग टाईम टेबल आम्हाला हवी आहेत. मियागाम-डभोई ही लाइन १८६२ ची, तेव्हा तिच्यावर डबे बैल ओढत. त्या पट्ट्यातला कागद आता विरळा झालाय. घरात आजोबांची पेटी असेल तर रद्दीत देण्याआधी आम्हाला दाखवा. पाहणीचे पैसे नाहीत, आणि आणताना पेटीतला क्रम बदलू नका.