एसी दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? आधी गॅस कुठं गेला ते विचारा

मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडं पारा ४५ च्या वर गेला की गावात एसीचा मेकॅनिक सापडत नाही, आणि सापडला तरी बहुतेकांचं एकच म्हणणं, "गॅस संपला भाऊ, मारून देतो." पण बाप्पा, एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही ना! तो बंद नळीत गोल फिरतो, आतल्या कॉइलमधे उकळताना खोलीतली उष्णता ओढून घेतो, मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमधे ती उष्णता टाकून तो परत द्रव होतो. कमी झाला म्हणजे गळालाच. साबणाचा फेस लावून जॉइंट तपासायला लावा, नट ढिला निघाला तर काम स्वस्तात होते. गळती न शोधता नुसता गॅस मारला की काही दिवसांनी परत तेच रडगाणं.

आणि कूलिंग कमी म्हणजे बिघाडच असं पण नाही. दीड टन हा आकडा म्हणजे एसीची थंड करायची ताकद, ती बाहेर ३५ डिग्री धरून काढलेली असते, ४६ ला तेवढं काम होतच नाही, त्यात जिनिंगजवळ घर असेल तर बाहेरच्या कॉइलवर कापसाचा भुसडा गोधडीसारखा बसतो. आधी ते धुवा. पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर नुसता घुं घुं करून बंद पडतो, तर जुन्या साध्या मशीनमधे बरेचदा कपॅसिटर गेलेला असतो, कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा बारका पार्ट आहे, बदलून घ्या. पण व्होल्टेज पण मोजा, कमी व्होल्टेजवर तसा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो, आणि शेवटी वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळते.

नवा कधी? मशीनवरच्या पट्टीवर आर-२२ लिहिलं असेल आणि कॉइल सडली किंवा कॉम्प्रेसर गेला, तर माझ्या मते पैसे घालू नका. हा गॅस ओझोनचा थर खातो, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्याकडं २०३० पर्यंत तो जवळपास बंद होणार. त्याच्या जागी आर-३२ भरून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, तो थोडा पेट घेणारा गॅस आहे आणि जुनं मशीन त्यासाठी बनलेलंच नाही.

फक्त बिलासाठी बदलायचा असेल तर हिशोब करा. दीड टनाला तीनच्या कार्यक्षमतेवर (स्टार नाही, खाल्लेल्या विजेच्या तिप्पट उष्णता खोलीतून काढणं) साधारण १७५० वॅट लागतात, पाचवर १०५०. रोज ६ तास पूर्ण जोरात चालला तरी फरक ४ युनिटच्या आसपास, म्हणजे ३ महिन्यांत पावणेचारशे युनिट. आपल्याकडं एसी एप्रिल ते जून चालतो, पाऊस पडला की बंद, तेवढ्या बचतीतून नव्या मशीनची किंमत निघायला वर्षानुवर्षं जातात.