रिकाम्या बाकांचा फोटो अन् कोरमची अफवा

राजेहो, डिसेंबरात सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात अधिवेशन लागलं की नागपूरच्या ग्रुपांवर लोकसभेच्या रिकाम्या बाकांचा तोच फोटो फिरते, खाली लिहिलेलं, "अर्धे खासदार नव्हते, बिल रद्द". काहीच्या काही! संविधानाच्या कलम १०० प्रमाणे कोरम (सभागृह चालवायला लागणारी कमीत कमी हजेरी) फक्त एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे लोकसभेत ५५ अन् राज्यसभेत २५. कमी पडले अन् कोणी सदस्यानं उठून सांगितलं तर घंटी वाजते, लॉबीतले लोक लगबगीनं आत येतात, तरी नाही जमले तर कामकाज थांबवतात. पण कोणी बोललंच नाही तर बहुतेकदा तसंच चालू राहते, खरी गोम इथं आहे भाऊ. घटनादुरुस्तीचं मात्र वेगळं, तिथं एकूण सदस्यांचं बहुमत लागतेच, वरून हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश.