रेंजफाइंडर कॅमेरा, साधा डिजिटल

फिल्मवर हात बसलेल्या छायाचित्रकारांसाठी केलेला डिजिटल कॅमेरा. पाठीवर पडदा नाही, किंवा असला तरी झाकता येतो, बटणे मोजकी, फोकस हाताने, दोन प्रतिमा एकमेकींवर बसवून करायचा. ‘अंतरमापक’ असा मराठी शब्द करता येतो, पण बोलण्यात ‘रेंजफाइंडर’च चालतो. ‘साधा’ हे विशेषण जपून घ्यावे. कमी केलेले असते ते टिपलेले चित्र लगेच पाहण्याची सोय आणि मेनू; आतली यंत्रणा मुळीच साधी नाही.

रचना : कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. मोठीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, दृश्य दिसते. छोटीतून आलेली प्रतिमा त्या दृश्याच्या मधोमध एका उजळ चौकटीत पडते. लेन्सचे कडे फिरवले की लेन्सची मागची कडा आतली एक लहान चाकी ढकलते आणि चौकटीतली प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एक झाल्या की फोकस लागला. अचूकता खिडक्यांमधील अंतरावर आणि व्ह्यूफाइंडरच्या वर्धनावर ठरते. जर्मन कंपनी लायकाच्या एम मालिकेत हे अंतर ६९.२५ मिमी आहे. १९५४ च्या एम३ चे वर्धन ०.९१, म्हणजे परिणामी पाया (अंतर गुणिले वर्धन; जितका मोठा तितका फोकस अचूक) सुमारे ६३ मिमी. २०१६ च्या एम-डी या डिजिटल कॅमेऱ्यात वर्धन ०.६८ आणि पाया ४७ मिमी. या एका बाबतीत जुना कॅमेरा सरस ठरतो.

पहिला कोणता : लेन्सला जोडलेल्या रेंजफाइंडरचा मान पुष्कळदा १९३२ च्या लायका २ ला दिला जातो, त्याच वर्षीच्या काँटॅक्सचेही नाव घेतात. परंतु कोडॅकच्या ३ए ऑटोग्राफिक स्पेशलमध्ये अशी जोडणी १९१६ मध्येच होती. तो घडीचा, मोठ्या रोलचा कॅमेरा असल्याने ३५ मिमीच्या इतिहासात गणला जात नाही. जोडणीचा मान कोडॅकला आणि ती खिशात मावेल अशी करण्याचा लायका-काँटॅक्सला, ही वाटणी अधिक सयुक्तिक वाटते.

डिजिटलमध्ये वाद कमी आहे. एप्सनचा आर-डी१ (२००४) हा पहिला. ६.१ मेगापिक्सेल, जपानच्या कोसिना कंपनीने घडवलेला सांगाडा, आणि माथ्यावर काटे असलेली तबकडी : उरलेली चित्रे, बॅटरी, सारे काट्यांवर. पडदा उलटा फिरवून झाकता येई. शटर ताणायला फिल्मच्या कॅमेऱ्यासारखा खटका होता आणि तो खरे काम करी. उलट लायका एम१०-डी (२०१८) वरचा तसाच दिसणारा खटका निव्वळ अंगठा टेकण्यापुरता आहे. त्याला सजावट म्हणणे कठोर होईल, पण चुकीचे नाही.

पडदा नसणे हीही तितकी नवी गोष्ट नव्हे. १९९४ च्या ॲपल क्विकटेक १०० मध्ये चित्र पाहायला पडदा नव्हताच. तेव्हा ती उणीव होती. जाणूनबुजून पडदा काढला तो लायकाने : २०१४ मध्ये ६०० नगांच्या एम एडिशन ६० मध्ये, मग नेहमीच्या विक्रीसाठी एम-डी मध्ये. एम-डीच्या पाठीवर, पडद्याच्या जागी, आयएसओची (प्रकाशाला संवेदनशीलतेची) २०० ते ६४०० अशी तबकडी आहे. फाइल फक्त डीएनजी, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची.

फुजीफिल्मचे एक्स१००, एक्स-प्रो१ वगैरे दिसायला तसेच असले तरी त्यांत प्रतिमा जुळवणारी यांत्रिक जोडणी नाही. म्हणून येथे ते धरलेले नाहीत.

सेन्सरची (प्रकाश टिपणाऱ्या चिपची) अडचण : एम माउंट, म्हणजे लेन्स बसवायचे कडे, आणि फिल्म यांत जेमतेम २७.८ मिमी अंतर असते. त्यामुळे कोपऱ्यांत किरण फार तिरपे पडतात. फिल्मला ते चालून जाई, सेन्सरला नाही. त्यासाठी सेन्सरवरची सूक्ष्म भिंगे कडेला सरकवावी लागली आणि काच पातळ करावी लागली. २००६ च्या लायका एम८ मध्ये ती अवघी ०.५ मिमी होती. परिणामी अवरक्त किरण आत शिरून काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले आणि ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर द्यावे लागले. पूर्ण ३५ मिमी आकार जमला तो एम९ मध्ये (२००९).

सोलापुरातील वापर : सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत, या कॅमेऱ्याचे गुणदोष एकदम कळतात. व्ह्यूफाइंडरमध्ये, चित्रात येणारा भाग दाखवणाऱ्या चौकटीच्या रेषांबाहेरचेही दिसते. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ चा गजर झाला की पेलणाऱ्याच्या कमरेवरचा नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच काठी) कोणत्या बाजूने चौकटीत शिरणार, हे आधीच कळते. गर्दीत प्रतिमा जुळवत बसायला सवड नसते. २८ मिमी लेन्स एफ/८ वर (हे लेन्सच्या छिद्राचे माप) ठेवून फोकस ३ मीटरवर लावला की साधारण दीड मीटरपासून पस्तीस मीटरपर्यंत चालून जाते. हे गणित फिल्मच्या काळच्या सैल मापाचे आहे. सेन्सरवर मोठे करून पाहिल्यास दोन्ही टोके मऊ पडतात.

खरी गफलत उजेडाची. निगेटिव्हला थोडा जास्तच उजेड द्यावा, ही जुन्या हाताची सवय येथे नडते. दुपारच्या उन्हात यात्रेकरूची शुभ्र बाराबंदी (बंदांचा अंगरखा) चित्रात एकदा जळाली की फाइलमधून तिची चुणी परत येत नाही, आणि पडदा नसल्याने ते घरी गेल्यावरच कळते. आयएसओ २०० ला एफ/८ आणि १/१००० सेकंद हे माप बरे; कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचे ऐकू नये. चौकट बाराबंदीने भरली की मीटर गरजेपेक्षा काळे चित्र देते, कडेला सावली आली की उलटे.

शांत शटर हा या जातीच्या कॅमेऱ्याचा नेहमी सांगितला जाणारा गुण. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात तो मुद्दाच उरत नाही. एम लेन्स बहुधा ०.७ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. त्यामुळे माग, मागावरचे हात, सगळे मिळते, पण जकार्ड चादरीची वीण जवळून हवी असेल तर दुसरा कॅमेरा लागतो.

लग्नाच्या कामाला हा कॅमेरा धरवत नाही. तिथे यजमान मांडवातच फोटो बघायला मागतात, आणि एम-डीत कार्डही एकच बसते.