साल्मोनेला रोखायचा तर पिल्लाच्या पोटातच

कच्चं चिकन नळाखाली खळाखळा धुतलं की जंतू निघून जातात असं अजूनही कितीतरी जण मानतात. जात नाहीत हो, उलट शिंतोड्यांबरोबर सिंक, ओटा, शेजारी चिरून ठेवलेली काकडी सगळीकडे पसरतात. मरतात ते नीट शिजवल्यावरच, मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस तापलं की. पण हे झालं शेवटच्या टप्प्याचं, साल्मोनेला, म्हणजे चिकनमधून माणसाचं पोट बिघडवणारा जंतू, मुळात कोंबडीत शिरतो कसा?

कोंबडीखाली उबलेलं पिल्लू बाहेर आलं की तिच्याच विष्ठेत, मातीत चोच मारत फिरतं, त्यातून तिच्या आतड्यातले चांगले बॅक्टेरिया त्याच्या पोटात जातात. मशीनमध्ये उबलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही, त्याचं आतडं जवळपास रिकामं, आणि तिथे साल्मोनेलाच्या थोड्याशा पेशी पोचल्या तरी ठाण मांडून बसतात. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी दाखवलं की मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला तर साल्मोनेला त्यांच्यात सहजी रुजत नाही. औषध नाही, काही नाही!

का रुजत नाही? एक तर आतड्यात चिकटायच्या जागा आणि खाणं आधीच कोणीतरी बळकावलेलं असतं. पण खरी गंमत ॲसिडची आहे. हे चांगले बॅक्टेरिया ऑक्सिजनशिवाय अन्न आंबवतात, त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ॲसिड तयार होतं. या ॲसिडचा रेणू अखंड असेपर्यंत त्यावर विद्युतभार नसतो म्हणून तो साल्मोनेलाच्या पडद्यातून आरामात आत घुसतो, आत पीएच 7 च्या आसपास, म्हणजे आंबटपणा जवळपास नाहीच, मग तिथे तो फुटतो आणि प्रोटॉन, म्हणजे आंबटपणा आणणारे कण, सोडतो, पेशी आतून आंबट व्हायला लागते, मग ती बिचारी एटीपी, म्हणजे आपलं ऊर्जेचं इंधन, जाळून प्रोटॉन बाहेर ढकलत बसते आणि वाढायला ताकदच उरत नाही. किती सुंदर आहे हे!

म्हणून डब्यावर 'प्रोबायोटिक' (म्हणजे आत जिवंत चांगले बॅक्टेरिया) छापलं की काम झालं असं समजू नका. इथे बॅक्टेरियांची मोठी मिश्र वस्ती लागते, एकट्यादुकट्या जातीचा परिणाम सहसा कमीच पडतो, आणि ती साल्मोनेलाच्या आधी पोचावी लागते. त्यासाठी हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात तिथेच, पिल्लांवर या बॅक्टेरियांचा फवारा मारतात, पिल्लं पिसं साफ करताना ते थेंब गिळतात. नंतर अँटिबायोटिक दिलं तर मात्र ही वस्तीही मरू शकते आणि जागा पुन्हा रिकामी होते.